धरण उशाला, हंडा डोक्याला

पैठण म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? दहापैकी आठ जणी म्हणतील, पैठणी! उरलेल्या दोघींपैकी एक नाथ महाराजांचं नाव घेईल आणि एक जायकवाडी धरणाचं. शाळेची सहल जिथे जायची त्या संत ज्ञानेश्वर उद्यानातली रंगीत कारंजीही एखादीला आठवतील. (आमच्या पिढीतली मराठवाड्यातली मुलगी त्या कारंज्यांपुढे फोटो काढल्याशिवाय दहावी झाली नसेल! पुढे ते उद्यान पार उजाड झालं, तो विषय वेगळा.) पण त्याच मैत्रिणींना विचारा, पैठण तालुक्यात पिकतं काय, तिथल्या घरात पैसा येतो कुठून आणि जातो कुठे? बहुतेक जणी गप्प बसतील. लग्नाच्या शालूचं गाव आपल्याला ठाऊक असतं, त्या गावचा संसार कसा चालतो हे ठाऊक नसतं.

मी कला शाखेची. आमच्या वेळी भूगोल म्हणजे नकाशात नद्या निळ्या रंगवायच्या आणि परीक्षेत ‘मोसमी वाऱ्यांवर टीप लिहा’. बचत गटांच्या कामासाठी या तालुक्यातल्या गावांमध्ये जायला लागले तेव्हा तो भूगोल नव्याने शिकले. बाईच्या डोक्यावरचा हंडा, तिच्या हातातला कोयता, तिचं लग्नाचं वय, इतकंच काय, तिच्या माहेरच्या सातबारावर तिचं नाव राहतं की जातं, हे सगळं त्या निळ्या रेघेपाशी येऊन पोहोचतं. म्हणून आज पैठणी बाजूला ठेवू आणि पैठणच पाहू.

आधी नकाशा डोळ्यांसमोर आणा. छत्रपती संभाजीनगरहून दक्षिणेला साधारण पन्नास किलोमीटरवर पैठण. रस्त्यात चितेगाव, बिडकीन, ढोरकीन लागतात. पैठण गाव गोदावरीच्या उत्तर काठावर. नदीच्या पलीकडे एका अंगाला अहिल्यानगर जिल्ह्यातला शेवगाव तालुका, दुसऱ्या अंगाला बीडचा गेवराई. पूर्वेला जालन्याचा अंबड. नदीकाठची जमीन काळी, खोल, हातात घेतली तर लोण्यासारखी. पण उत्तरेला आडूळ, बालानगरकडे चढत गेलात की माती पातळ होत जाते, मुरूम वर येतो, विहिरी खोल जातात. एकच तालुका, पण नदीकाठची सून आणि आडूळकडची सून यांची सकाळ वेगळी असते. पाऊसही बेभरवशाचा. त्र्यंबकेश्वरला ढग मोकळे होतात, पण आपण पडलो सह्याद्रीच्या मागच्या बाजूला, पर्जन्यछायेत. गोदावरी इथे येते ती दुसऱ्यांच्या पावसावर भरून येते, हे लक्षात ठेवा. पुढचं सगळं भांडण यातच आहे.

या गावचा व्यापार किती जुना असावा? साधारण दोन हजार वर्षांपूर्वी एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने समुद्रमार्गांची माहिती लिहून ठेवली, ‘पेरिप्लस’ या नावाने ती ओळखली जाते. त्यात पैठण आहे! भडोचच्या बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आपल्या धाराशिव जिल्ह्यातलं तेर. पैठणहून अकीकासारखे मौल्यवान दगड आणि तेरहून सुती कापड गाड्यांमध्ये भरून, धड वाट नसलेल्या मुलखातून भडोचला जायचं, तिथून जहाजाने पुढे. सातवाहनांची राजधानी होती ही, प्रतिष्ठान. तेव्हापासून या भागातून उत्तमातलं उत्तम बाहेर जातंच आहे. बदल्यात इथे काय उरतं, हा प्रश्न मला दर फेरीला पडतो.

आता धरणाकडे वळू. मुळात हे धरण इथे होणारच नव्हतं. पहिला विचार होता तो खाली बीड जिल्ह्यात, जायकवाडी नावाच्या गावाजवळ. पुढे जागा बदलून पैठण ठरली, पण नाव मात्र जायकवाडीच राहिलं. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन. मातीचं धरण, लांबी साधारण दहा किलोमीटर, दरवाजे २७. पोटात पाणी मावतं १०२ टीएमसीच्या आसपास. त्यातलं साधारण २६ टीएमसी मृतसाठा, म्हणजे दरवाजातून आणि कालव्यातून आपोआप न निघणारं, तळातलं. नाथसागर भरला की समुद्रच वाटतो, पलीकडचा काठ दिसत नाही. हिवाळ्यात रोहित पक्षी येतात, १९८६ साली हा भाग पक्षी अभयारण्य म्हणून जाहीर झाला.

इतकं पाणी साठवायचं तर काहीतरी बुडणारच. साडेतीनशे चौरस किलोमीटरच्या आसपास पाण्याचा पसारा! त्याखाली गेली ती नदीकाठची, वर सांगितलेली लोण्यासारखी जमीन. शंभराहून जास्त गावांना झळ बसली. एका पुनर्वसित गावातल्या आजी मला म्हणाल्या होत्या, “आमच्या गावचं देऊळ, जातं, उखळ, समदं पान्यात हाय. दुष्काळ पडला का पोरं म्हन्तेत, चला आज्जीचं गाव बघाया.” उन्हाळ्यात पाणी मागे सरकलं की तळाची ओली जमीन उघडी पडते. तिला गाळपेर म्हणतात. ज्यांची जमीन गेली त्यांच्यातलेच काही जण तिथे चार महिन्यांपुरती काकडी, टरबूज, भुईमूग काढतात. स्वतःच्याच बुडालेल्या शेतात पाहुण्यासारखं जायचं आणि पाणी यायच्या आत निघायचं.

आणि पाणी जातं कुठे? डावा कालवा २०८ किलोमीटर लांब, जालना, परभणीकडे पळतो. उजवा कालवा १३२ किलोमीटर, बीडकडे. आपलं शहर, जालना, वाळूजची, चिकलठाण्याची औद्योगिक वसाहत, सगळ्यांची तहान हाच जलाशय भागवतो. वाईट नाही यात काही, पाणी सगळ्यांचंच आहे. पण कालव्याचं पाणी उतारानेच वाहणार. पैठण तालुक्यातला उत्तरेचा जो भाग उंचावर आहे, त्याला धरण शेजारी असून कालव्याचा थेंब मिळत नाही. त्यासाठी पाणी उपसून वर चढवावं लागतं. ब्रह्मगव्हाण उपसा सिंचन योजना त्यासाठीच आखली आणि वर्षानुवर्षं रखडली. त्या योजनेचं नाव ऐकत ऐकत मुलींच्या लग्नांच्या वरातीही निघून गेल्या, असं तिथल्या बायका हसत सांगतात. आडूळकडच्या एका गावात उन्हाळ्यात टँकरच्या मागे धावणाऱ्या बायकांमध्ये मी उभी होते. एक जण म्हणाली, “धरन आमच्या उशाला हाय ओ ताई, अन् हंडा डोक्याला.”

शहरातल्या मैत्रिणींनी मात्र तिच्याकडे दयेने बघू नये. धरणापासून शहरापर्यंत पहिली मोठी जलवाहिनी १९७० च्या दशकात आली, दुसरी १९९० च्या दशकात आणि त्यानंतर शहर वाढतच राहिलं. कित्येक वर्षं आपल्या नळाला पाच-सहा दिवसांनी, कधी त्याहूनही उशिरा पाणी आलं. कुणाच्या घरी पाणी कधी येणार यावर बारशाची, हळदीकुंकवाची तारीख ठरत होती की नाही, सांगा! नव्या योजनेसाठी अडीच मीटर व्यासाचे पाईप पैठण रस्त्याने टाकले गेले. उंच माणूस ताठ मानेनं चालत जाईल असे. ते काम चालू असताना रस्त्याकडेच्या गावांतल्या बायका त्या पाईपांच्या सावलीला बसून बसची वाट बघायच्या.

आता ते भांडण. वर म्हटलं तसं, नाथसागर भरतो तो नाशिक आणि अहिल्यानगरच्या पावसावर. तिथेही गोदावरीवर आणि प्रवरा, मुळा, दारणा या नद्यांवर धरणं झाली. वरची धरणं भरून घेतली की खाली येणारं पाणी आटतं. २००५ च्या महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात खोऱ्यातल्या पाण्याच्या समन्यायी वाटपाची तरतूद झाली. मेंढेगिरी समितीने २०१३ मध्ये अहवाल दिला, प्राधिकरणाचा आदेश २०१४ मध्ये आला आणि मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये समन्यायी वाटपाच्या बाजूने कौल दिला. थोडक्यात सूत्र असं ठरलं, की १५ ऑक्टोबरला हिशेब बघायचा आणि जायकवाडीत ६५ टक्क्यांहून कमी पाणी असेल तर वरून सोडायचं. २०१५, २०१८, २०२३ अशा तुटीच्या वर्षांत वरून पाणी सोडावं लागलं आणि दर वेळी मोर्चे, कोर्टकचेऱ्या झाल्या. आपल्याकडे दसरा-दिवाळीच्या खरेदीच्या बातम्या येतात ना, त्याच दिवसांत पैठणच्या बाया पेपरात आधी धरणाची टक्केवारी बघतात. नाशिक-नगरच्या बायकांचाही त्यात काही दोष नाही, त्यांच्याही घरात द्राक्ष, ऊस, कर्ज आणि मुलांच्या फिया आहेतच. वरच्या अंगाला ऊस किती लावायचा हे मात्र कुणी विचारत नाही. खालीही विचारत नाही म्हणा! लाभक्षेत्रात कालव्याचं पाणी आलं की पहिला ऊसच लागतो.

कधी याच्या अगदी उलट. ऑगस्ट २००६ मध्ये धरणातून इतकं पाणी सोडावं लागलं की पैठण गावातच पाणी शिरलं. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत पुन्हा सगळे २७ दरवाजे उघडले गेले आणि काठच्या लोकांना रातोरात हलवावं लागलं. म्हणजे पाणी आलं नाही तर बाईने टँकरमागे धावायचं आणि जास्त आलं तर कणगीतली ज्वारी डोक्यावर घेऊन शाळेच्या इमारतीत जायचं.

पैठणला पाण्याचं मोल नव्याने कुणी शिकवायला नको खरं तर. काशीहून आणलेलं कावडीतलं गंगाजल वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाला पाजणारे एकनाथ महाराज इथलेच. फाल्गुन वद्य षष्ठीला नाथषष्ठी भरते. त्याआधी तुकाराम बीजेपासून नाथांच्या वाड्यातला रांजण भरायला सुरुवात होते. देवाने श्रीखंड्याच्या रूपात नाथांघरी पाणी भरलं, ही त्यामागची श्रद्धा. बायका रांगा लावून एकेक कळशी ओततात, तरी तो लवकर भरत नाही. रांजण भरून वाहिला की देव पाणी भरून गेला असं मानायचं. लाखो वारकरी येतात, आणि त्या तीन-चार दिवसांत बांगड्या, कुंकू, बुक्का, रेवड्या, पितळी भांडी विकणाऱ्या कितीतरी कुटुंबांची वर्षाची बेगमी होते. गोपाळकाला झाला की राहुट्या उठतात आणि गाव पुन्हा आपल्या कामाला लागतं.

काम म्हणजे शेती. कोरडवाहू भागात कापूस, बाजरी, तूर, रब्बीची ज्वारी. जिथे विहिरीला पाणी आहे तिथे मोसंबी. पाचोडचा मोसंबीचा बाजार सगळ्या मराठवाड्यात नावाजलेला. जालन्याच्या मोसंबीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण मोसंबीला जिल्ह्याची हद्द कुठे कळते, अंबड आणि पाचोड यांच्यामधली माती एकच. आंबे बहार आणि मृग बहार असे दोन बहार. झाडाला आधी पाणी तोडून ताण द्यायचा, मग पाणी सोडायचं, की फुलं लागतात. पण हा ताण आपण द्यायचा असतो, दुष्काळाने दिला तर झाडच जातं. २०१२-१३ च्या दुष्काळात पंधरा-पंधरा वर्षं लेकरासारख्या जपलेल्या बागा डोळ्यांदेखत वाळल्या. लोकांनी टँकरने पाणी विकत आणून झाडं जगवायचा प्रयत्न केला आणि शेवटी कुऱ्हाड लावली. एका घरात कर्त्या बाईने मला बागेचा फोटो दाखवला होता, भिंतीवर देवाच्या शेजारी लावलेला. हार घातला नव्हता, एवढंच.

बाग गेली, कापूस बुडाला की मग कोयता. दसरा-दिवाळीच्या सुमाराला बीड, जालना आणि पैठणच्या कोरड्या गावांतून ट्रक भरून माणसं ऊस तोडायला निघतात. तोडणीच्या हिशेबात ‘एक कोयता’ म्हणजे एक माणूस नव्हे, नवरा-बायकोची जोडी. नवरा तोडतो, बायको मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन गाडीत भरते. मुकादम उचल देतो ती जोडीला. आता यातला आतबट्ट्याचा व्यवहार बघा: लग्न झालेल्या पोराला उचल जास्त, म्हणून पोराचं लग्न लवकर. पोरीला एकटी गावात कुणाच्या भरवशावर ठेवायची, म्हणून तिचंही लवकर. बालविवाह होतो तो नुसत्या अडाणीपणामुळे, असं शहरात बसून म्हणणं सोपं आहे. मला ते पटत नाही. घरात पाणी असतं तर त्यातली निम्मी लग्नं दोन-तीन वर्षांनी झाली असती.

पाचोडलाच ‘इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ मॅनेजमेंट’ ही संस्था आहे. तिने खेड्यातल्या किशोरवयीन मुलींसाठी जीवनकौशल्यांचे वर्ग चालवले, संध्याकाळी, गावातच, गावातल्याच बाईने शिकवलेले. आरोग्य, पाळी, पैशाचा हिशेब, दवाखान्यात, बँकेत कसं बोलायचं. जिथे वर्ग चालले तिथे मुलींच्या लग्नाचं सरासरी वय सोळावरून सतरावर आलं. एकच वर्ष? मलाही आधी तसंच वाटलं. पण सोळाव्या वर्षी बाळंत होणारी आणि त्यानंतर वर्षाने होणारी, या दोघी एखाद्या दाईला दाखवा, ती सांगेल एका वर्षाचा अर्थ.

आता थोडं रेशमाबद्दल, नाहीतर तुम्ही म्हणाल पैठणवर लेख आणि पैठणीचा पत्ता नाही. खरी पैठणी हातमागाची. तिच्या पदरावरचा मोर, मुनिया, आसावली हे मागाहून भरलेले नसतात, तर ताण्यात वेगवेगळ्या रंगांचे बाणे एकमेकांत अडकवत विणलेले असतात. म्हणूनच पदर उलटा केला तरी नक्षी तशीच दिसते, मागे धागे लोंबत नाहीत. दुकानात फसायचं नसेल तर आधी पदर उलटा करून बघा. एका पैठणीला महिना लागतो, भरगच्च पदराच्या साडीला वर्षसुद्धा. पेशव्यांच्या घरात, निजामाच्या घरात तिला मान होता. पण राजाश्रय गेला, विणकर पांगले आणि बाजी मारली ती नाशिक जिल्ह्यातल्या येवल्याने. आज बाजारातली बहुतेक हातमागाची पैठणी येवल्याची. १९७० च्या दशकात सरकारच्या लघुउद्योग विकास महामंडळाने पैठणला केंद्र काढून विणकाम शिकवलं, त्यामुळे इथले माग पुन्हा हलले. २०१० साली पैठणीला भौगोलिक मानांकनही मिळालं. तरी नाव पैठणचं आणि पेठ येवल्याची, हे आहेच. रेशीम यायचं कर्नाटकातून आणि जर सुरतेची. पैठणला उरायचं ते मागावर वाकून बसणं.

अलीकडे मात्र एक गोष्ट बदलते आहे. मराठवाड्यात तुतीची लागवड वाढली. रोजगार हमीतून तुती लावता येऊ लागल्यावर तर लहान शेतकरीही तिकडे वळले. अंडीपुंज आणायचे, अळ्या झाल्या की तुतीच्या फांद्या कापून दिवसातून दोन-तीनदा पाला द्यायचा, अळ्या चार वेळा कात टाकतात, मग त्यांना चंद्रिकेवर सोडायचं, की त्या स्वतःभोवती कोष विणतात. सगळं मिळून महिन्याभराचा मामला. एका कोषातून हजार मीटरच्या आसपास अखंड धागा निघतो! उसासारखं वर्षभर थांबायचं नाही आणि पाणीही त्या मानाने थोडं. पाला टाकणं, बिछाना साफ करणं, रात्री उठून अळ्या पाहणं, हे काम बहुतेक घरांत बाईच करते. “बाळंतिणीसारखं जपावं लागतंय ओ, वास नको, धूर नको, घरात फवारा मारला तर गेल्याच,” असं एकीने सांगितलं. आधी कोष विकायला थेट कर्नाटकातल्या रामनगरला जावं लागायचं, सगळा व्यवहार पुरुषांच्या हाती. २०१८ मध्ये जालन्याला कोषांची बाजारपेठ सुरू झाली. सकाळी एसटीने जाऊन संध्याकाळी परत येता येतं, त्यामुळे काही बायका आता स्वतः लिलावाला उभ्या राहतात. भाव कमी-जास्त होतो, पण तो आपल्या कानाने ऐकलेला असतो.

मागे क्रोएशिया देशातल्या कोनाव्ले नावाच्या चिमुकल्या भागाबद्दल वाचलं होतं. युरोपात, समुद्र आणि डोंगर यांच्या मधली एक पट्टी. तिथल्या बायका घरात रेशमाचे किडे पाळायच्या, धागा काढून, रंगवून पोशाखाच्या छातीवर आणि बाह्यांवर भरतकाम करायच्या. १९९१ नंतरच्या युद्धात घरं जळाली, पण बायकांनी ते किडे आणि ते भरतकाम पुन्हा सुरू केलं. दुब्रोवनिक या प्रसिद्ध शहराचा विमानतळ नेमका तिथल्या चिलिपी गावात, आणि त्याच गावात रविवारी देवळापुढच्या चौकात नाच-गाणी होतात, पर्यटक येतात, भरतकाम विकत घेतात. मला त्यातली एकच गोष्ट महत्त्वाची वाटली. किडा, धागा आणि कापड, तिन्ही एकाच गावात आणि गिऱ्हाईकही दारात. आपल्याकडे मराठवाड्यातला कोष कर्नाटकात गेला आणि धागा होऊन पैठणला परत आला, तर मधले सगळे पैसे वाटेतच सांडले. जालन्याला धागा काढायचं कामही सुरू झालं आहे, ते वाढलं तर पैठणचा माग आणि पाचोडकडची तुती यांच्यामध्ये फारसं अंतर उरणार नाही. वेरूळ-अजिंठ्याला येणारा परदेशी पाहुणा पैठणपर्यंत यावा, यासाठी मात्र रस्ता आणि स्वच्छ स्वच्छतागृह, दोन्ही लागतं. दुसऱ्याबद्दल न बोललेलंच बरं.

नाथसागरातली मासेमारी हा आणखी एक संसार. पुरुष रात्री जाळी टाकतात, बायका पहाटे वर्गवारी करून विकायला निघतात. जलाशयावर तरंगता सौर ऊर्जा प्रकल्प आणायचा प्रस्ताव आला तेव्हा मच्छीमार रस्त्यावर उतरले. वीज नको असं त्यांचं म्हणणं नव्हतं. जाळं टाकायचं कुठे, एवढंच त्यांनी विचारलं होतं.

पैठण रस्त्याची दुसरी बाजू कारखान्यांची. चितेगावच्या व्हिडिओकॉनमध्ये एकेकाळी शिफ्ट सुटली की रस्ता भरून जायचा. २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि त्या पगारांवर उभी राहिलेली किराणा दुकानं, खानावळी, शिवणाची दुकानं एकेक करून बसली. पुढे काही किलोमीटरवर बिडकीन. तिथे दिल्ली-मुंबई औद्योगिक पट्ट्यासाठी बिडकीन, निलजगाव, नांदलगाव वगैरे गावांची जवळपास आठ हजार एकर जमीन संपादित झाली. २०२४ मध्ये टोयोटा किर्लोस्करने वीस हजार कोटींच्या प्रकल्पाचा करार केला आणि आजूबाजूच्या उरलेल्या जमिनींचे भाव असे काही चढले, की कालपर्यंत जिथे बाजरी होती तिथे आता प्लॉटिंगचे बोर्ड आहेत.

आणि इथेच आमच्या बैठकांमध्ये एक नवीन कागद दिसायला लागला. हक्कसोड पत्र.

जमीन कोरडी होती, तेव्हा बहिणीच्या नावाची कुणाला आठवण नव्हती. किंमत आल्यावर आली. महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत वाटा दिला, पण त्याआधी लग्न झालेल्या वगळल्या गेल्या. केंद्राची दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झाली, तिने लग्न झालेल्या-न झालेल्या सगळ्या मुलींना मुलाइतकाच जन्मतः हक्क दिला. वडील २००५ च्या आधी वारले असतील तर काय, हा घोळ सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात मिटवला: वडील तेव्हा हयात असण्याची अट नाही. आता बहिणीच्या सहीशिवाय जमीन विकता येत नाही. म्हणून सही हवी असते. आणि एकदा नोंदणी कार्यालयात जाऊन हक्कसोड पत्रावर सही केली की ते मागे फिरवणं महाकठीण. मैत्रिणींनो, वाचल्याशिवाय अंगठा-सही करू नका, “फक्त नोंदीसाठी आहे” असं कुणीही म्हटलं तरी. सासरचंही लक्षात ठेवा. नवरा हयात असताना बायकोचं नाव सातबारावर सहहिस्सेदार म्हणून लावता येतं, १९९२ चा लक्ष्मी मुक्तीचा शासन निर्णय त्यासाठीच आहे. अर्ज तलाठ्याकडे नवऱ्याने करायचा असतो. आमच्या एका गटातल्या अकरा बायकांनी घरी विषय काढला. चौघींची नावं लागली, दोघींच्या घरी भांडण झालं, बाकीच्या “बघू” म्हणाल्या.

बिडकीनकडची एक बाई आहे, नाव सांगत नाही. दोन भाऊ, ही एकटी बहीण. भाऊ गाडी घेऊन तिला न्यायला आला. नवी साडी, पोराला कपडे, दुपारी पुरणाचं जेवण आणि जेवणानंतर नोंदणी कार्यालय. तिने जेवताना विचारलं, “कागद घरी नेऊन वाचू का?” वहिनीचा चेहरा तिथेच पडला. ती सही न करता परत आली आणि दुसऱ्या दिवशी कागदाची झेरॉक्स घेऊन आमच्या बैठकीला. वकिलाने सांगितलं, पावणेदोन एकराचा वाटा तुमचा आहे. तिला अख्खा वाटा नकोच आहे, मुलीच्या नर्सिंगच्या शिक्षणापुरते पैसे मिळाले तर उरलेलं सोडायला ती तयार आहे. तसं तिने भावाला सांगितलंही. त्यानंतर माहेरहून फोन बंद झाला आणि प्रकरण कोर्टात गेलं. पुढची तारीख दिवाळीनंतरची पडली आहे. पण परवा ती मला तारखेबद्दल काही बोललीच नाही. भाऊबीजेला भाऊ येईल का, एवढंच तिने दोनदा विचारलं.